आधी कोणतं पान सुकलं?

मुलुंडच्या मावशी आणि त्यांचा वाईकडचा भाचा यांचं एका गोष्टीवर कधीच जुळत नाही. मावशी म्हणतात, माती जिवंत ठेवली तरच पीक टिकतं. भाचा म्हणतो, मातीत जे जिवंत आहे तेच माझं पीक खातंय. मावशींनी उपनगरातल्या एका महाविद्यालयात वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. भाचा कृषीची पदवी घेऊन गावी परतला आणि स्ट्रॉबेरी करू लागला. हंगामात वाशीच्या फळबाजारात माल उतरवला की तो गव्हाणपाड्यात मावशींकडे डोकावतो, हातात पनेटचा, म्हणजे फळांच्या छोट्या डब्यांचा, एखादा खोका असतो. या जानेवारीत खोक्याबरोबर फोनमधले फोटोही होते. मल्चिंग पेपरच्या भोकांतून वर आलेली, फळांनी लगडलेली आणि माना टाकलेली रोपं. योगायोग असा, की मावशींच्या गच्चीवरच्या कुंड्यांतली स्ट्रॉबेरीही त्याच सुमारास गेली होती.

"तुझ्या रोपाचं आधी कोणतं पान सुकलं? कडेचं की मधलं?" मावशींनी पहिला प्रश्न टाकला.

"मावशी, रोपच गेलं. आता कोणतं पान आधी गेलं ते विचारून काय करायचंय? मर लागली. ठिबकमधून कार्बेन्डाझिम सोडलं, तरी थांबेना."

"अरे, औषध सोडण्याआधी हे बघायला हवं होतं. कुणाशी लढतोयस ते तुला ठाऊक नाही."

भाच्याने फोटो मोठे करून पाहिले. त्याच्या रानात आधी कडेची, जुनी पानं करपली होती. मधली कोवळी पानं बरेच दिवस हिरवी राहिली, पण खुरटली. रोपं सलग गेली नव्हती, ठिकठिकाणी टापू पडले होते आणि ते ओळीच्या दिशेने वाढत होते. मावशींच्या कुंडीत याच्या उलट झालं होतं. आधी मधली कोवळी पानं निळसर हिरवी पडून लोंबली आणि दोन-तीन दिवसांत अख्खं रोप बसलं. उपटायला गेल्यावर ते मुळासकट आलंच नाही, क्राऊनपाशी तुटून हातात आलं. क्राऊन म्हणजे मुळं आणि पानं यांच्या मधला आखूड, जाड खोडाचा भाग. स्ट्रॉबेरीचा सगळा जीव तिथे असतो. मावशींनी तो सुरीने उभा चिरून ठेवला होता. वरच्या बाजूने आत तपकिरी कूज उतरली होती.

एकाच फळाची रोपं, दोन्हीकडे 'मर', आणि तरीही हे दोन वेगळे रोग असण्याची शक्यता मोठी. इथूनच त्यांचं खरं भांडण सुरू झालं.

"माझ्या कुंडीत बहुतेक फायटोफ्थोरा आहे," मावशी म्हणाल्या. "आपण सगळे त्याला बुरशी म्हणतो, पण खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रातल्या तपकिरी शैवालांशी त्याचं नातं जवळचं. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. एकेकाला दोन चाबकासारखे तंतू असतात. मुळांतून पाझरणाऱ्या साखरेचा आणि अमिनो आम्लांचा माग काढत ते मुळापर्यंत जातात, तिथे चिकटतात, तंतू झाडून टाकतात आणि आत घुसतात. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या काही तास पाण्याने भरलेल्या राहिल्या, की त्यांचं काम झालं."

"म्हणजे तू पाणी जास्त घातलंस."

"मी नव्हते तेव्हा शेजाऱ्यांनी प्रेमाने घातलं. कुंडीखाली बशी होती, तीही भरलेली."

बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत हिवाळ्यात स्ट्रॉबेरीची रोपं हौसेने आणली जातात आणि पुष्कळदा अशीच जातात. गॅलरीच्या फरशीला डाग पडू नये म्हणून कुंडीखाली बशी, कुंडीत घट्ट बसलेली लाल माती, आणि पान जरा मलूल दिसलं की पुन्हा पाणी. मूळ कुजलं की त्याला पाणी ओढता येत नाही, म्हणून रोप तहानलेलं दिसतं. मग माणूस आणखी पाणी घालतो आणि पोहणाऱ्या बीजाणूंना आणखी वाट मिळते. बशी काढून टाकणं, क्राऊन मातीच्या वर राहील असं रोप लावणं आणि मेलेल्या रोपाची माती पुढच्या रोपाला न वापरणं, या तीन गोष्टींनी गच्चीवरचं बरंचसं नुकसान टळतं. मात्र त्या मातीत फायटोफ्थोराचे जाड कवचाचे बीजाणू वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. माती वाळवली म्हणून ते मरतील, या भरवशावर राहू नये.

"आणि तुझं कार्बेन्डाझिम," मावशींनी विषय पुन्हा त्याच्या रानावर आणला, "माझ्या कुंडीत ओतलं असतंस तरी काही झालं नसतं. फायटोफ्थोरा आणि पिथियम या कुळावर ते चालतच नाही. त्यांच्यासाठी मेटालॅक्झिलसारखी वेगळी औषधं असतात, आणि तीही पुन्हापुन्हा वापरली की रोग त्यांना जुमानत नाही."

"पिथियम मला शिकवू नकोस. आल्याच्या कंदकुजीत त्याने आमच्या अर्ध्या गावाचं कंबरडं मोडलंय. म्हणून तर आल्याला आम्ही दरवर्षी रान बदलतो. पण स्ट्रॉबेरीला रान कुठनं बदलू? बेड, ठिबक, मल्चिंग, तारेचं कुंपण, सगळं एका जागी उभं केलंय. आणि हे पीक डोंगरउतारावर, लहान-लहान तुकड्यांत. शेजारचं रान भाड्याने घ्यावं, तर त्यातही स्ट्रॉबेरीच."

हा मुद्दा शहरात बसून नीट कळत नाही. महाबळेश्वर, पाचगणी, वाई, जावळी या पट्ट्यातून देशातल्या स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा येतो. २०१० मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०१७ पासून पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं भिलार त्याआधीपासून स्ट्रॉबेरीचं गाव आहे. जमिनीचे तुकडे लहान, पीक हातात पैसा देणारं, आणि मुंबईसारखं गिऱ्हाईक रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर. अशा ठिकाणी त्याच मातीत वर्षामागून वर्ष तेच पीक येणार, हे उघड आहे. मातीतल्या बुरशीला याहून सोयीचं काही नाही.

त्यात स्ट्रॉबेरीचं रोप बियांपासून करत नाहीत. एका मातृरोपाला धावते फुटवे येतात, शेतकरी त्यांना रनर म्हणतात. प्रत्येक रनर म्हणजे त्याच रोपाची हुबेहूब प्रत. शेतात हजारो रोपं दिसली तरी आनुवंशिक गुणांनी ते एकच रोप असतं. ते एखाद्या रोगाला बळी पडणारं असेल, तर सगळं शेत बळी पडणारं असतं.

भाच्याच्या रानात नेमकं काय होतं? फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, हे मावशींनी आधीच सांगून टाकलं. संशय तिघांवर होता.

पहिला व्हर्टिसिलियम. ही बुरशी काळ्या, सूक्ष्म गाठींच्या रूपात मातीत झोपून राहते, दहा वर्षांहूनही जास्त काळ. जवळून मूळ गेलं आणि त्यातून पाझरलेला रस पोचला, की गाठ फुटून तंतू निघतो. मुळाच्या टोकाकडच्या कोवळ्या भागातून तो आत जातो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या गाठतो. नळीत तो बीजाणू सोडतो, आणि वर चढणारं पाणीच ते पानांपर्यंत नेऊन पोचवतं. रोप बचावासाठी स्वतःच्या नळ्या बुजवू लागतं, आणि त्या बुजण्यानेच तहानेनं मरतं. स्ट्रॉबेरी याबाबत फार नाजूक आहे. एक ग्रॅम मातीत अशा दोन-चार गाठी असल्या तरी पिकाला धोका असतो. वांगी, टोमॅटो, बटाटा या पिकांवरही हीच बुरशी जगते.

दुसरा फ्युजेरियम. तुरीची मर ज्या बुरशीमुळे येते तिच्याच जातकुळीतली, पण स्ट्रॉबेरीवरच बेतलेली अशी एक खास शाखा आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधून १९६५ मध्ये तिची पहिली नोंद झाली, त्यानंतर जपान आणि कोरियात ती दिसली आणि २००६ मध्ये कॅलिफोर्नियात.

तिसऱ्याचं नाव निघालं तेव्हा भाचा चमकला.

"मॅक्रोफोमिना," मावशी म्हणाल्या. "तुझ्या आजोबांच्या शाळूला खडखड्या यायचा, आठवतं? दाणा भरायच्या वेळी ताट आतून पोकळ होऊन आडवं पडायचं. चिरलं की आत कोळशाची भुकटी फासल्यासारखे काळे ठिपके. तीच ही बुरशी. पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ती जगते. सोयाबीन, हरभरा सगळं तिला चालतं. उष्णता आणि पाण्याचा ताण मिळाला की ती उसळते. स्ट्रॉबेरीत रोप फळांनी भरलेलं असताना, म्हणजे नेमकं तुझ्या फोटोतल्या वेळी."

"म्हणजे बेवड म्हणून मी ज्वारी-हरभरा केला तर?"

"खडखड्यावाल्या रानात तू त्या बुरशीला जेवण वाढशील."

भाचा यावर गप्प बसणारा नव्हता. "हे बघ मावशी, तुझ्या कुंडीतला धरून तू मला चार शत्रू सांगितलेस. एक पाण्याने वाढतो, दुसरा पाण्याच्या ताणाने. एकाला ज्वारी चालते, एकाला टोमॅटो. मी शेतकरी, माझ्याकडे प्रयोगशाळा नाही. मग कॅलिफोर्नियावाल्यांनी केलं ते शहाणपणाचं नव्हतं का? त्यांनी माती गॅसने धुऊनच काढली. सगळेच मेले, विषय संपला."

कॅलिफोर्नियाने खरोखरच तसं केलं होतं. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथली स्ट्रॉबेरी व्हर्टिसिलियमने जेरीस आली होती. बर्कलीच्या विद्यापीठातले स्टीफन विल्हेल्म यांनी मिथिल ब्रोमाइड आणि क्लोरोपिक्रिन या दोन वायूंचं मिश्रण जमिनीत सोडून ती प्लॅस्टिकने झाकण्याची पद्धत रुजवली. उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं, त्याच जमिनीत दरवर्षी तेच पीक घेणं शक्य झालं आणि एक प्रचंड उद्योग उभा राहिला. पण मिथिल ब्रोमाइड वातावरणातला ओझोनचा थर विरळ करतं. १९८७ च्या माँट्रियल कराराच्या यादीत ते १९९२ मध्ये आलं. विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत ते शेतातून हटवायचं ठरलं. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरीला त्यानंतरही खास सवलती मिळत राहिल्या, त्या २०१६ पर्यंत चालल्या.

"आणि सवलती कमी होत गेल्या तशा मॅक्रोफोमिना आणि फ्युजेरियम त्यांच्या शेतांत डोकं वर काढू लागल्या," मावशी म्हणाल्या. "पन्नास वर्षं माती गॅसवर ठेवली. तिच्यात त्यांना आवर घालणारं काही उरलंच नव्हतं."

"किंवा असं बघ," भाचा लगेच म्हणाला, "गॅस होता तोवर रोग नव्हता, गॅस गेला आणि रोग आला. तू माझीच बाजू मांडतेयस."

या ठिकाणी भाच्याचा युक्तिवाद सहज उडवून लावता येणार नाही. वायूने रोग आटोक्यात ठेवला होता, हे कॅलिफोर्नियातले शास्त्रज्ञही मान्य करतात. पुढे पर्यायी रसायनं वापरताना अनेकांनी पूर्ण जमिनीऐवजी फक्त बेडमध्ये ती सोडली. दोन बेडमधली माती तशीच राहिली आणि पुढच्या मशागतीत तीच पुन्हा बेडमध्ये मिसळली. त्यामुळे मावशी सांगतात तेच एकमेव कारण होतं, असं म्हणता येत नाही. तरीही वायूचा रस्ता भाच्यासाठी बंद आहे, आणि बरं झालं बंद आहे. डोंगरउतारावर, घरांना आणि झऱ्यांना लागून असलेल्या छोट्या तुकड्यांत असले विषारी वायू खेळवण्याची कल्पनाही करवत नाही. प्रश्न उरतो तो त्याच्या हातात काय आहे याचा.

मावशींनी आधी ऊन पुढे केलं. १९७६ मध्ये इस्रायलच्या याकोव काटान यांनी दाखवून दिलं, की ओली माती पारदर्शक प्लॅस्टिकखाली कडक उन्हात काही आठवडे झाकून ठेवली तर तिच्यातले अनेक रोगकारक मरतात. भाच्याने याला होकार दिला, पण अर्धाच. वाईच्या सपाटीवर मे महिन्यात हे जमेल, कारण एप्रिलमध्ये तोडा आटोपतो आणि पाऊस जूनमध्ये येतो. वर भिलार-पाचगणीकडे मात्र मेमध्येही हवा इतकी तापत नाही. पर्यटक ज्या गारव्यासाठी तिथे जातात, तोच बुरशीला वाचवतो.

मग निघाली भाताच्या कोंड्याची गोष्ट. जपान आणि नेदरलँड्समध्ये स्वतंत्रपणे शोधलेली आणि नंतर कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या कॅरल शेनन आणि जोजी मुरामोतो यांनी स्ट्रॉबेरीत पुढे नेलेली ही रीत आहे. मातीत भाताचा कोंडा भरपूर मिसळायचा, ती पाण्याने भरायची आणि हवाबंद झाकायची. कोंडा खाणारे जिवाणू मातीतला प्राणवायू संपवतात, आम्लं तयार करतात आणि त्यात रोगकारक बुरशी मरतात. तीन आठवड्यांनी झाकण काढलं की माती पुन्हा श्वास घेऊ लागते, आणि यात ती निर्जीव होत नाही. मात्र या रीतीलाही माती चांगली ऊबदार असावी लागते, विशेषतः फ्युजेरियमसाठी. थंड मातीत उलट तीच बुरशी कोंड्यावर पोसली जाण्याची भीती असते.

"कोंडा जावळीत मिळेल," भाचा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "पण मे महिन्यात पाणी? विहिरी तळाला असतात तेव्हा तू मला माती पाण्याने भर म्हणतेस."

"मग ब्रोकोली कर. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात कृष्णा सुब्बाराव यांनी दाखवलंय, की ब्रोकोली काढल्यावर तिचा पाला तिथंच गाडला तर व्हर्टिसिलियमच्या गाठी खूप कमी होतात."

"ब्रोकोली इथे तुमच्या मुलुंड-घाटकोपरातच खपते. हे जमेल."

ट्रायकोडर्मावर मात्र पुन्हा ठिणगी पडली. ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या तंतूंना वेढे घालते, त्यांच्या भिंती विरघळवते आणि त्यांना खाते. शेणखतात वाढवून ती रानात घालायचा सल्ला महाराष्ट्रात सगळीकडे दिला जातो. भाच्याची तक्रार अशी, की दुकानातलं पाकीट किती महिने उन्हात पडून होतं आणि त्यात जिवंत काय उरलंय, हे शेतकऱ्याला कळत नाही. मावशींनी उत्तरादाखल ट्रॉम्बेचं नाव घेतलं. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी गॅमा किरणांनी ट्रायकोडर्मा व्हिरेन्सचा एक सुधारित वाण तयार केला. पिथियमसारख्या रोगकारकांना मारणारी द्रव्यं तो मूळ वाणाच्या दोन-तीन पट बनवतो. त्याची वाढ त्यांनी चिंचोक्यांवर केली आणि त्यापासून बीजप्रक्रियेची भुकटी बनवली, 'ट्रायकोबार्क' नावाची. हरभरा आणि मसूर यांच्या मूळखोडाच्या कुजीवर देशात अनेक ठिकाणी शेतकऱ्यांच्या रानात तिच्या चाचण्या झाल्या. २०१९ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं.

"हरभऱ्यावर," भाच्याने नेमकं बोट ठेवलं. "स्ट्रॉबेरीवर नाही."

"नाही. पण घरापासून इतक्या जवळ हे काम होतंय, तर स्ट्रॉबेरीवाल्यांनी जाऊन विचारायला काय हरकत आहे?"

ही चर्चा मातीबद्दल चालली होती, तरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मातीच्या आधी घडते. जूनमध्ये परदेशातून मातृरोपं येतात. कायद्याप्रमाणे त्यांच्याबरोबर आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. मग ऐन पावसाळ्यात वाईच्या बाजूला रोपवाटिकांमध्ये त्यांचे रनर वाढवले जातात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ती रोपं रानात जातात. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणून रोपं खाली वाढवतात; पण खालीही ते महिने ओलेच. पोहणाऱ्या बीजाणूंसाठी याहून चांगला काळ नाही. शिवाय फायटोफ्थोराची लागण झालेलं रोप लागवडीच्या वेळी अगदी टवटवीत दिसू शकतं. रोग क्राऊनमध्ये दबा धरून बसतो आणि फळाचा भार आला की बाहेर येतो. शेतकरी मग स्वतःच्या मातीला दोष देतो, जी त्या दिवसापर्यंत स्वच्छ असू शकते.

"यावर्षी रोपं कुठनं घेतलीस?"

"मागच्या वर्षी मदर प्लँट घेतली होती, त्यांचेच रनर पुन्हा धरले. थोडे शेजाऱ्याकडनं आणले." मग जरा थांबून तो म्हणाला, "पैसे वाचतात मावशी. मदर प्लँट महाग पडतं. आणि कोकोपीटच्या ट्रेमधलं रोप त्याहून महाग."

"एका हंगामात ती बचत कुठे गेली, ते तुझ्या फोनमध्ये आहे."

मावशींचा हा टोला खरा असला तरी अपुरा आहे. छोट्या शेतकऱ्याला स्वच्छ रोप परवडत नाही हा त्याचा हट्ट नव्हे, ती त्याची अडचण आहे. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने फ्युजेरियमला दाद न देणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या पाच जाती २०२३ मध्ये जाहीर केल्या. अशा जाती साताऱ्याच्या डोंगरात वेळेवर आणि परवडणाऱ्या दरात पोचणं, आणि प्रत्येक रोपवाटिकेच्या रोपांची रानात जाण्याआधी तपासणी होणं, हे एकेकट्या शेतकऱ्याच्या कुवतीबाहेरचं काम आहे. मानांकनाचं बोधचिन्ह फळाच्या डब्यावर लावलं जातं. रोपाच्या ट्रेवर तशी काही खूण असावी, असा आग्रह धरायला हवा.

शेवटी दोघांचं एवढ्यावर जमलं, की आधी शत्रू ओळखायचा. मावशींनी नमुना कसा घ्यायचा ते सांगितलं. पूर्ण मेलेलं रोप नको, त्यावर नंतर आलेल्या भलत्याच बुरशी सापडतात. अर्धवट मलूल झालेली चार-पाच रोपं टापूच्या कडेवरून, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट खणून काढायची, ओढून उपटायची नाहीत. बाजूचं एक निरोगी रोपही घ्यायचं. सगळं कागदात गुंडाळून, सावलीत ठेवून शक्यतो दुसऱ्याच दिवशी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात पोचवायचं.

"व्हर्टिसिलियम निघाला तर ब्रोकोली, आणि वांगी-टोमॅटो बंद," भाचा बोटांवर मोजू लागला. "खडखड्यावाली निघाली तर ज्वारी-हरभरा-सोयाबीन बंद, आणि फळ भरताना पाण्याचा ताण द्यायचा नाही. फ्युजेरियम निघाली तर जात बदलायची."

"आणि फायटोफ्थोरा निघाला तर बेड उंच करायचे, चर काढायचे आणि रोपवाटिका बदलायची. काहीही निघालं तरी शेजाऱ्याचे रनर नकोत."

"ते बघू," भाचा म्हणाला. मदर प्लँटची मागणी नोंदवायची वेळ जवळ आली होती. किती रोपं परवडतील याचा हिशेब त्याने तिथेच पनेटच्या झाकणावर मांडला. निम्म्या रानापुरता आकडा आला, तेव्हा उरलेल्या निम्म्यात काय करायचं यावर दोघांची पुन्हा जुंपली.